किती इंच, हे सगळ्यात शेवटी विचारा

२६ जानेवारी २०१५च्या रात्री न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बर्फाच्या अंदाजावरून बंद ठेवली गेली. शंभरहून अधिक वर्षांच्या तिच्या इतिहासात केवळ हिमवृष्टीसाठी ती बंद होण्याची ही पहिलीच वेळ. न्यू जर्सीत रस्त्यावर खासगी गाड्या आणायला मनाई झाली. अंदाज होता वीस ते तीस इंचांचा, आणि सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात भरला ९.८ इंच. फिलाडेल्फियात तर नावापुरताच पडला. माउंट हॉलीच्या हवामान कार्यालयाचे त्या वेळचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली.

पण त्याच वादळाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरमध्ये ३४.५ इंच बर्फ टाकला, आणि लाँग आयलंडच्या पूर्व भागात तो दोन फुटांच्या वर गेला. वादळाची ताकद, त्याची वेळ, त्याचा मार्ग हे सगळं बऱ्यापैकी बरोबर सांगितलं गेलं होतं. चुकला तो फक्त त्याचा पश्चिमेकडचा काठ. तो पन्नासएक मैल पूर्वेला सरकला, आणि नेमक्या त्याच पन्नास मैलांत न्यूयॉर्क शहर आणि उत्तर न्यू जर्सी येतात.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. त्यातही ज्यांचा इथला पहिला-दुसरा हिवाळा आहे, किंवा ज्यांच्याकडे भारतातून आई-बाबा आले आहेत, त्यांच्यासाठी. स्नो येणार असं कळलं की आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘किती इंच?’ अंदाजातला सर्वांत कच्चा आकडा तोच असतो. काठ आपल्यापासून किती लांब आहे, पडणार ते बर्फच आहे की आणखी काही, कोणत्या तासाला सुरू होणार, आणि सांगणाऱ्याला स्वतःला किती खात्री आहे, हे आधी विचारलं तर इंचांच्या आकड्याला अर्थ येतो.

वादळ आणि त्याचा काठ

आपल्याकडचा मोठा बर्फ बहुतेक वेळा नॉरईस्टर घेऊन येतं. कॅनडाकडून उतरलेली कोरडी थंड हवा आणि गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहावरची दमट हवा कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ समोरासमोर येतात, तिथे कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि ते किनारा धरून ईशान्येकडे सरकू लागतं. केंद्राभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून आपल्याला तो ईशान्येकडून, समुद्राचं पाणी पोटात घेऊन येतो.

हे केंद्र किनाऱ्याला फार चिकटून गेलं, तर समुद्रावरची ऊब आत शिरते आणि एडिसनमध्ये नुसता थंडगार पाऊस पडतो. फार लांबून गेलं, तर आभाळ भरून येतं आणि तेवढंच. मधल्या चिंचोळ्या वाटेने गेलं तर फूटभर बर्फ. बॉस्टनचे हवामानतज्ज्ञ नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला समुद्रातल्या एका बिंदूवर नजर ठेवून असतात, ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर दक्षिण न्यू इंग्लंडला भरपूर बर्फ मिळतो, असा त्यांचा अनुभव. त्याला ते ‘बेंचमार्क’च म्हणतात.

या वादळांचा वायव्येकडचा काठ फार धारदार असतो. ५ आणि ६ फेब्रुवारी २०१०च्या वादळात फिलाडेल्फियात २८.५ इंच बर्फ पडला आणि दोन तासांच्या ड्राइव्हवर असलेल्या सेंट्रल पार्कमध्ये जवळजवळ काहीच नाही. महाबळेश्वरचा पाऊस आणि खाली वाईचा पाऊस यांतला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे फार नवं वाटू नये. मात्र तिथला घाट जागचा हलत नाही, इथला काठ दर वादळात नव्या जागी असतो. म्हणून बातमीत नकाशा दिसला की आपल्या गावावरचा रंग पाहून थांबू नका. शेजारचा रंग कुठे सुरू होतो आणि तो किती मैलांवर आहे, ते पाहा. तुम्ही रंगाच्या मधोमध असाल तर आकड्यावर बराच विश्वास ठेवता येईल. काठावर असाल तर निम्मा किंवा दुप्पट, दोन्हींची तयारी ठेवा.

दुसरी रेघ असते पाऊस आणि बर्फ यांच्या मधली. नेवार्क, एडिसन, ट्रेंटन, फिलाडेल्फिया अशी खाली जाणारी आय-९५ आणि ही रेघ यांची वर्षानुवर्षांची सोबत आहे. हायवेच्या वायव्येला, ससेक्स काउंटीत किंवा पोकोनोजच्या डोंगरांत बर्फ, खाली टॉम्स रिव्हरकडे पाऊस आणि मध्ये आपली बहुसंख्य मराठी वस्ती. डिसेंबरात समुद्र अजून पुरेसा थंड झालेला नसतो, त्यामुळे तेव्हाची वादळं किनाऱ्याजवळ पावसात विरघळतात. तीच वाट धरून फेब्रुवारीत आलेलं वादळ मात्र बर्फ टाकून जातं.

वरून काय निघतं आणि खाली काय पोचतं

जमिनीवर ३० अंश फॅरनहाइट आहे म्हणून बर्फच पडेल, असं गृहीत धरू नका. जमिनीपासून काही हजार फूट वर कधी कधी उबदार हवेचा थर घुसतो. वरून निघालेला हिमकण त्या थरात वितळतो. खाली थंड हवेचा जाड थर असेल तर थेंब पुन्हा गोठतो आणि टपटप आवाज करत बारीक दाण्यांच्या रूपात पडतो, तो स्लीट. खालचा थर पातळ असेल तर थेंब पाणीच राहतो आणि फांदी, तार, पायरी, गाडीची काच, जिथे टेकेल तिथे गोठतो. हा फ्रीझिंग रेन.

या तिन्हींत सर्वांत घातक फ्रीझिंग रेनच. दिसायला साधी भुरभुर असते, रस्ता नुसता ओला वाटतो. पाव इंच जाडीचा बर्फाचा लेप बसला की फांद्या तुटू लागतात, वीज जाऊ लागते. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पूर्वेला थंड हवा अडकून पडते आणि वरून ऊब सरकते, म्हणून पश्चिम आणि मध्य न्यू जर्सीत, लीहाय व्हॅलीत हा प्रकार पुन्हा पुन्हा होतो. अंदाजात ‘आइस’चा दशांश किंवा पाव इंचाचा आकडा दिसला, तर तो दहा इंच बर्फापेक्षा जास्त गांभीर्याने घ्या. त्या दिवशी घराबाहेर पडू नये, हेच माझं मत.

आता वजनाचं बोलू, कारण फावडं शेवटी आपल्या हातात येणार आहे. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो असं ढोबळपणे मानतात. पण तापमान ३२च्या आसपास असेल तर बर्फ ओला, चिकट होतो आणि एका इंच पाण्याचा पाच-सहा इंचच भरतो. हवा विशीत किंवा त्याखाली असेल तर तो भुसभुशीत होतो आणि पंधरा-वीस इंचही भरतो. २० फूट रुंद, ४० फूट लांब ड्राइव्हवे घ्या आणि त्यावर सहा इंच बर्फ. तो ओला असेल तर उचलायचं वजन होतं सुमारे १९०० किलो. पंधरास एक असा कोरडा असेल तर ७५० किलोच्या आसपास. इंच तेवढेच, पण काम अडीचपट. म्हणून अंदाजात इंचांच्या शेजारी तापमान बघा. ३१-३३ दिसलं तर ते काम एका दमात करायचं नाही, हे आदल्या रात्रीच ठरवून टाका.

कोणाचं ऐकायचं

फोनवरच्या हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमागे त्या क्षणी कुणी माणूस बसलेला नसतो. संगणकीय मॉडेलमधून निघालेला आकडा थेट चित्र होऊन पडद्यावर येतो, म्हणून सकाळी आठ इंच, दुपारी तीन, रात्री अकरा असं ते नाचत राहतं. पाच दिवस आधी ‘शनिवारी ७ इंच’ दाखवणारं चित्र निरुपयोगी तर असतंच, शिवाय ते आपला विश्वास घालवतं. खरं वादळ येतं तेव्हा आपण खांदे उडवतो.

मी सांगेन की नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे इथल्या सरकारी हवामान सेवेचं संकेतस्थळ वापरा. वेदर डॉट गव्ह उघडून झिप कोड टाकला की तुमच्या भागाचा अंदाज येतो. देशभर त्यांची १२२ अंदाज कार्यालयं आहेत. न्यू जर्सी त्यांतल्या दोहोंत वाटली गेली आहे. बर्गन, पसेइक, एसेक्स, हडसन आणि युनियन या काउंट्या लाँग आयलंडवरच्या अप्टन कार्यालयाकडे आहेत, तर मिडलसेक्स, सॉमरसेट, मर्सर आणि राज्याचा बाकी बराचसा भाग माउंट हॉलीकडे. म्हणजे जर्सी सिटीतली मुलगी आणि एडिसनमधले तिचे आई-वडील वेगवेगळ्या कार्यालयांचे अंदाज वाचत असतात. दोघांचे आकडे एखादा इंच वेगळे दिसले तर गोंधळू नका.

त्याच पानावर ‘फोरकास्ट डिस्कशन’ असा दुवा असतो. तिथे ड्युटीवरचा हवामानतज्ज्ञ दिवसातून किमान दोनदा आपल्या सहकाऱ्यांसाठी मोकळेपणाने लिहितो की मॉडेल काय म्हणतात, कुठे भांडतात, पावसाची रेघ कुठे अडकेल, कशाबद्दल कॉन्फिडन्स कमी आहे. भाषा तांत्रिक असते, पण दोन-चार वादळं नेमाने वाचली की कळू लागते. या सगळ्या खटाटोपात एकच सवय लावून घ्यायची असेल, तर ही लावा. अंदाजामागची शंका इतक्या प्रामाणिकपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रंगीत स्नो-मॅपबद्दल मात्र सावध करायलाच हवं. तो बहुधा एकाच मॉडेलच्या एकाच फेरीचा असतो. अमेरिकी जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, म्हणजे रोज चार नकाशे, आणि त्यांतला सर्वांत भीतिदायक तोच पुढे धाडला जातो. वर असे बरेच नकाशे पाण्याचा सरसकट दहापट बर्फ धरतात, स्लीटसुद्धा बर्फात मोजतात. दोन इंच दाणेदार स्लीटच्या जागी दहा इंच दिसले की घबराट होणारच. २०१२ साली सँडी वादळ न्यू जर्सीकडे वळणार, हे युरोपीय मॉडेलने आठवडाभर आधी दाखवलं होतं. तेव्हापासून इथे ‘युरो काय म्हणतो?’ विचारायची पद्धत पडली आहे. युरो सरासरीने सरस आहेच, पण त्याचीही एखादी फेरी सपशेल चुकते. म्हणून हवामानतज्ज्ञ एका फेरीकडे पाहत नाहीत, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून चालवलेल्या पन्नासेक फेऱ्यांचा घोळका पाहतात. पन्नासांतल्या चाळीस जणी बर्फ दाखवत असतील तर गोष्ट वेगळी, सात दाखवत असतील तर वेगळी.

किती दिवस आधी किती मानायचं

सात दिवस आधी फक्त एवढं लक्षात घ्या की आठवड्याच्या शेवटी काहीतरी शिजतं आहे. हॉल बुक केलेला असेल तर रद्द करण्याच्या अटी वाचून ठेवा, त्यापलीकडे काही करू नका. संक्रांतीचं हळदीकुंकू आपण जानेवारी-फेब्रुवारीत, शाळांच्या सभागृहांत करतो. जिल्ह्याने शाळा बंद ठेवल्या की बहुतेक वेळा सभागृहही मिळत नाही, म्हणून पर्यायी तारीख आधीच ठरलेली असली तर शेवटच्या रात्रीची धावपळ वाचते.

तीन दिवस आधी चित्र बदलू लागतं. जन्माला यायच्या वादळाचे तुकडे बरेचदा प्रशांत महासागरावरून आलेले असतात. समुद्रावर निरीक्षणं विरळ. ते तुकडे जमिनीवर आले की दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्यांच्या जाळ्यात सापडतात आणि अंदाज घट्ट होतो. हे फुगे इथल्या हिवाळ्यातल्या घड्याळाने सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास सोडले जातात. त्यांची माहिती घेतलेला अंदाज काही तासांनी हाती येतो, तेव्हा दर अर्ध्या तासाला फोन उघडण्यात अर्थ नाही. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा पाहा, तेवढं पुष्कळ.

याच सुमाराला ‘विंटर स्टॉर्म वॉच’ लागू शकतो. त्याचा अर्थ असा की धोकादायक वादळाची शक्यता निम्म्याहून अधिक आहे, पण नक्की नाही. विमानाची तिकिटं, औषधं, जनरेटरचं पेट्रोल यांची कामं या टप्प्यावर करायची. नेवार्क किंवा जेएफकेहून भारतात जाणाऱ्यांनी विमान कंपनीच्या पानावर ‘ट्रॅव्हल वेव्हर’ जाहीर झाला आहे का ते पाहावं. मोठ्या वादळाआधी कंपन्या अनेकदा दंड न घेता तारीख बदलून देतात, आणि आधी फोन करणाऱ्याला चांगली जागा मिळते.

‘वॉर्निंग’ लागली की खात्री पुष्कळ वाढलेली असते. न्यूयॉर्कच्या परिसरात साधारणपणे बारा तासांत सहा इंच किंवा त्याहून जास्त बर्फाची अपेक्षा असेल तर ती लागते. ‘अ‍ॅडव्हायझरी’ त्याखालची. पण अ‍ॅडव्हायझरी म्हणजे हलकं प्रकरण असं समजू नका. संध्याकाळी पाच वाजता, गर्दीच्या वेळी पडलेले दोन इंच रविवारी पहाटे पडलेल्या सहा इंचांपेक्षा जास्त माणसांना रस्त्यावर अडकवतात. म्हणून तासावार अंदाज वाचा. मार्च उजाडला की आणखी एक गोष्ट पाहायची. सूर्य वर चढलेला असतो, त्यामुळे भरदिवसा हलका बर्फ पडला तर डांबरावर टिकत नाही, तोच रात्री पडला तर टिकतो.

आता शक्यतांचं पान. वादळाआधी हवामान कार्यालयं तीन आकडे देतात, अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. समजा तुमच्या गावासाठी अपेक्षित सहा, कमीत कमी दोन, जास्तीत जास्त अकरा आहे. इथे ‘जास्तीत जास्त’ म्हणजे त्याहून अधिक पडण्याची शक्यता दहात एक आणि ‘कमीत कमी’ म्हणजे निदान तेवढा पडण्याची शक्यता दहात नऊ. नवरा-बायको दोघंही घरून काम करणारे असतील तर सहाचा विचार करा. घरात डायलिसिसला जाणारं कोणी असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, तर अकराचा विचार करा. अंदाज एकच असला तरी प्रत्येक घराचा आकडा वेगळा असतो, हे आपल्या माणसांना कुणी सांगत नाही.

‘ब्लिझर्ड’ला इंचांची अट नाही, हेही कळलं पाहिजे. ताशी ३५ मैल किंवा अधिक वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यता, ही स्थिती तीन तास टिकली की ते ब्लिझर्ड. आधी पडलेला बर्फ वाऱ्याने उडला तरी पुरतं.

आणि एक वॉर्निंग अशी आहे की ती दिवसभर आधी लागत नाहीच. ‘स्नो स्क्वॉल’ म्हणजे बर्फाची झपाट्याने येणारी सर. अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते, इंच पुरा पडतोच असं नाही, पण उजेडातून गाडी एकदम पांढऱ्या अंधारात शिरते. २८ मार्च २०२२ला पेनसिल्व्हेनियातल्या स्कूलकिल काउंटीत आय-८१वर अशाच सरीत कित्येक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. फोन कर्कश वाजून स्क्वॉलची सूचना आली तर हायवेवर चढू नका. चढलेले असाल तर पुढच्या एक्झिटने उतरा आणि पेट्रोल पंपावर अर्धा तास थांबा. हायवेच्या कडेला मात्र थांबायचं नाही.

खिडकीतून दिसणारा अंदाज

वादळ सुरू झाल्यावर तुमची खिडकीही बरंच सांगते. वारा ईशान्येकडून उत्तरेकडे आणि मग वायव्येकडे वळत गेला, तर केंद्र तुमच्या पूर्वेने, समुद्रावरून चाललं आहे आणि तुम्ही थंड बाजूला आहात, म्हणजे बर्फ टिकण्याची आशा चांगली. तोच वारा पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे फिरला, तर केंद्र तुमच्या पश्चिमेने जातं आहे, ऊब येते आहे, आणि थोड्याच वेळात काचेवर थेंब दिसतील. शेजारच्या शाळेवरचा झेंडा एवढ्यासाठी पुरतो.

ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू, बघायला शिका. बाहेर ३८ अंश आहे आणि मंडळी म्हणतात, ‘आता कसला स्नो!’ पण दवबिंदू १८ असेल तर हवा कोरडी ठाक आहे. पडू लागलेला बर्फ त्या हवेत विरतो, ते करताना हवेतली उष्णता खेचून घेतो आणि तासा-दोन तासांत पारा ३२वर येतो. याच कोरड्या हवेमुळे रडारवर तुमच्या डोक्यावर निळा पट्टा दिसतो आणि अंगणात एक कण नसतो. अशा वेळी अंदाज फसला असं म्हणायची घाई करू नका.

मुलं घरात असतील तर मोजायला लावा. पांढऱ्या रंगाची फूटभर-दीड फूट लांबरुंद प्लायवुडची फळी घराच्या भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवायची, पट्टीने इंचाच्या दशांशापर्यंत मोजायचं आणि पुसून परत ठेवायचं. सहा तासांच्या आत पुसायचं नाही, नाहीतर आकडा फुगतो. कोकोराझ नावाचं स्वयंसेवकांचं जाळं १९९८ साली कोलोरॅडोत सुरू झालं. आज त्यात देशभरातली माणसं रोज सकाळी आपल्या अंगणातलं पाऊस-बर्फाचं मोजमाप भरतात आणि हवामान कार्यालयं ते वापरतात. एमपिंग या मोफत अ‍ॅपवर ‘आता इथे स्लीट पडतो आहे’ एवढं एका बोटाने कळवता येतं. पावसाची रेघ नेमकी कुठे आहे, हे रडारला नीट दिसत नाही. ते तुमच्या एडिसनच्या अंगणातून कळतं. आपली इतकी वस्ती या रेघेवर राहते, तर आपल्याकडून या नोंदी गेल्या पाहिजेत, असं मला फार वाटतं.

बफेलो, रॉचेस्टर, क्लीव्हलंडकडे शिकणाऱ्या मुलांसाठी हिशेब निराळा आहे. तिथे थंड वारा न गोठलेल्या सरोवरावरून वाहतो, पाणी उचलतो आणि काही मैल रुंदीच्या पट्ट्यात ओततो. नोव्हेंबर २०२२मध्ये हॅम्बर्ग गावात ८० इंचांहून जास्त पडला, उत्तरेकडच्या उपनगरांत त्यामानाने फारच थोडा. तिथे वाऱ्याची दिशा दहा अंशांनी बदलली की गाव बदलतं, म्हणून वाऱ्याचा अंदाज आधी वाचायचा. पुढच्याच महिन्यात, २३ डिसेंबरला आलेल्या ब्लिझर्डची तीव्रता बफेलोच्या कार्यालयाने काही दिवस आधीच अगदी स्पष्ट सांगितली होती. तरीही त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी गरम नसलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून.

फावडं हातात घेण्याआधी

म्हणून आई-बाबांबद्दल थेट सांगतो. भारतातून आलेले साठीचे वडील ‘तू ऑफिसचं बघ, मी काढतो’ म्हणून उत्साहाने फावडं घेतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि श्वास रोखून ओलं ओझं उचलणं हे हृदयावर एकदम येतं. त्यांना प्रेमाने पण ठामपणे आत बसवा. तरुणांनीही चहा-नाश्ता झाल्या झाल्या लगेच सुरू करू नये. उचलण्याऐवजी ढकलावं आणि बर्फ पडत असतानाच दर तीन-चार इंचांना एक फेरी मारावी. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं तर फावडं टाकून ९११.

बाहेर पडलाच आहात तर आधी घराची बाजूची भिंत बघून या. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून जमिनीपासून फूट-दोन फुटांवर बाहेर पडतो. वाऱ्याने साचलेला बर्फ ती नळी बुजवतो आणि फर्नेस बंद पडतो, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाडी सुरू करून आत बसण्याआधी सायलेन्सरची नळी मोकळी करा. जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा चालवू नका, घरापासून वीसेक फूट लांब ठेवा. झोपायच्या खोल्यांजवळ मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बटण दाबून बघा.

गाडीच्या टपावरचा बर्फ न काढता हायवेवर जाणं न्यू जर्सीत दंडपात्र आहे, आणि ते योग्यच आहे. टपावरची लादी मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन फुटते.

वादळ गेलं, ऊन पडलं, शाळेची सुट्टी संपली, की अंदाज बघणं आपण सोडून देतो. त्या दिवशी दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर वाहतं. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पारा विशीत उतरतो, आणि सकाळी सहाला ते पाणी काळ्या डांबरावर काळाच दिसणारा बर्फ झालेलं असतं. पुलांवर, ओव्हरपासवर तो आधी होतो, कारण तिथे खालूनही थंड हवा असते. तेव्हा वादळानंतरच्या दोन रात्रींचं किमान तापमान बघा. ते २८च्या खाली असेल तर संध्याकाळीच पायऱ्यांवर मीठ टाका, आणि सकाळच्या बसस्टॉपला मुलांना गवतावरून न्या.